कोडे आणि कपट

'उखाणा' या शब्दाचा आज व्यवहारात एकच अर्थ उरला आहे. लग्नाच्या पंगतीत किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवात नवऱ्याचे नाव यमकात गुंफून घेतले की झाला उखाणा. मूळचा अर्थ याहून मोठा आहे. उखाणा म्हणजे कोडे. कोकणात नि गोव्यात त्याला हुमाण म्हणतात, संस्कृतात प्रहेलिका. चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिकेला मानाची जागा आहे. आपल्याकडील शाहिरांनी तर कोड्याचा फडच उभा केला. कलगीवाल्यांनी सवाल टाकायचा, तुरेवाल्यांनी त्याच चालीत उत्तर द्यायचे, आणि ऐकणाऱ्या गावाने रात्र जागवायची. सुगी आटोपली, खळी झाली, थंडी पडली की जत्रांचे दिवस येत, आणि त्या दिवसांत ही भेदिक शाहिरी रंगत असे. दिवसभर शेतात राबलेली माणसे घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत एका प्रश्नाचे उत्तर शोधीत बसत, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

परंतु आज आम्हांला कोड्याचा इतिहास सांगावयाचा नाही. एक साधा दिसणारा प्रश्न मनात आहे. कोडे घालणारा लपवतो आणि खोटे बोलणाराही लपवतो. दोघांनाही खरे काय ते ठाऊक असते, आणि दोघेही ते समोरच्याला सरळ सांगत नाहीत. मग एकाला आपण रसिक म्हणतो आणि दुसऱ्याला लबाड, हे कशाच्या आधारे?

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. नाताळच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळींचे शिबिर भोरला होते. शेवटच्या दिवशी 'खजिन्याचा शोध' हा खेळ ठेवावा आणि त्याच्या खुणा यमकात असाव्यात असा त्यांचा आग्रह पडला, आणि ते काम त्यांनी आमच्या गळ्यात बांधले. चार गट, प्रत्येकी सहा जण, भोरपासून वेल्ह्यापर्यंतचा पट्टा, प्रवासाला एस.टी. आणि वडाप. (वेल्हे तालुक्याला आता राजगड असे नाव देण्यात आले आहे, पण वडापवाला अजून 'वेल्हा, वेल्हा' असेच ओरडतो.)

पहिली खूण अशी होती:

पाणी चढता घर माझे मी मासळीला देतो;
वैशाखाचे ऊन लागता डोके वर मी घेतो.

भाटघरच्या धरणाच्या पोटात कांबरेश्वराचे जुने देऊळ आहे. १९२८ साली हे धरण पुरे झाले. तेव्हापासून वर्षाचे बहुतेक महिने ते देऊळ वेळवंडीच्या पाण्याखाली असते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की बाहेर येते. डिसेंबरात तेथे जाऊन दिसणार काय? नुसते पाणी. मुले काठावर उभी राहून त्या पाण्याकडे पाहत होती. आपल्याला उत्तर सापडले आहे आणि तरीही ते दिसत नाही, ही अवस्था त्यांना नवी होती. पुढची चिठ्ठी जवळच्या चहाच्या टपरीवर ठेवली होती.

दुसरी खूण नसरापूरजवळच्या बनेश्वराची:

जीभ मला पण दात नाहीत, हात लागता बोलते;
सागरकाठी जन्म माझा, शिवापुढे मी डोलते.

बनेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळातले. तेथील घंटेवर क्रूस कोरलेला आहे आणि १६८३ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधल्या अनेक घंटा मराठी मुलखातील देवळांत आल्या. मेणवलीची आणि भीमाशंकराची घंटा पुष्कळांनी पाहिली असेल. ही त्यांचीच बहीण. देवळाच्या आवारात चिठ्ठी लपविणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. बाहेरच्या फुलवाल्या मावशींना घंटेवरील साल सांगायचे, मग त्या चिठ्ठी देणार, असे ठरले होते. आम्ही स्वतः मूळचे वसईकडचे. त्या घंटेसमोर उभे राहिलो की मनात जे येते ते एका शब्दाचे नसते. लढाईत गेलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न आहेच. पण जवळजवळ तीनशे वर्षे ती ज्यांना हाक देत आली त्यांचाही काही हक्क तिच्यावर झाला असेल, असेही वाटते. असो.

तिसऱ्या खुणेकडे पुढे वळू. आधी घडले ते सांगतो. चारपैकी एक गट भाटघरलाही गेला नाही आणि बनेश्वरालाही नाही. तो सकाळीच थेट वेल्ह्याला पोचला आणि ठरलेल्या जागेवरून पेटी घेऊन मोकळा झाला. आमच्या चिठ्ठ्यांच्या प्रती सुवाच्य अक्षरात उतरवून देणारी जी मुलगी होती, तिचा धाकटा भाऊ त्या गटात होता. त्याने बहिणीला काय विचारले आणि तिने काय सांगितले हे आम्ही खोदून विचारले नाही. बाकीचे तीन गट दमूनभागून आले तेव्हा हे सहा जण पेटीवर बसून ऊस खात होते.

वाद पेटला, आणि तो मोठा सुरेख वाद होता. पेटीवाल्या गटाचे म्हणणे असे: खेळ पेटी शोधण्याचा होता, पेटी आम्ही शोधली; कोणाला विचारायचे नाही असा नियम सांगितला नव्हता. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर त्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. मग दुसऱ्या गटातील एका मुलीने त्यांना विचारले, "घंटेवर साल कोणते आहे?" त्यांना ते सांगता आले नाही. त्यांनी पेटी मुकाट्याने मध्ये आणून ठेवली. आतला चिवडा आणि करंज्या सर्वांनी खाल्ल्या, वाद मात्र परतीच्या बसमध्ये कात्रजच्या घाटापर्यंत पुरला.

आता विचार करू. ज्यांनी पेटी मिळविली त्यांचे चुकले काय? त्यांनी खोटे सांगितले नाही. कोणाचे काही चोरले नाही. पेटी कोणाची तरी होणारच होती. तरीही ऐकणाऱ्या प्रत्येकाला आतून ठाऊक असते की येथे काही बिघडले आहे.

याच वादाचा एक फार जुना दाखला शास्त्यांच्या पुस्तकात, चौदाव्या अध्यायात आहे. शमशोनाने आपल्या लग्नाच्या मेजवानीत तीस सोबत्यांना कोडे घातले. पैज होती तीस तागाची वस्त्रे आणि तीस पोशाखांची. कोडे होते मेलेल्या सिंहाच्या कलेवरात सापडलेल्या मधाविषयी. सोबत्यांनी नवरीला धमकावून उत्तर काढून घेतले, आणि शमशोन संतापून म्हणाला की माझ्याच कालवडीला जुंपून तुम्ही नांगर धरला. गुरुविद्यालयात असताना आम्ही हा भाग वाचला तेव्हा आमची सहानुभूती सर्वस्वी शमशोनाकडे होती. आता तेवढी नाही. कारण शमशोनाचे कोडेही सरळ नव्हते. तो सिंह, तो मध, तो प्रसंग त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हता. आईवडिलांनाही त्याने सांगितले नव्हते. शब्दांत अशी एकही वाट नव्हती की जिच्यावरून शहाणा माणूस विचार करीत उत्तरापर्यंत पोचला असता. ज्याचे दार भिंतीत बांधलेच नाही त्या खोलीची किल्ली त्याने मागितली, आणि त्यावर साठ कपड्यांची पैज लावली. सोबत्यांनी कपट केले खरे. पण आधी कोड्याच्या नावाखाली कपटच मांडले गेले होते.

अगदी असाच प्रकार इंग्लंडमध्ये आपल्या काळात घडला. किट विल्यम्स नावाच्या चित्रकाराने १९७९ साली 'मास्करेड' हे चित्रांचे पुस्तक काढले. त्याने सोन्याचा एक ससा घडवून जमिनीत पुरला होता आणि तो कोठे आहे याची खूण पुस्तकातील चित्रांत आणि शब्दांत दडवली होती. हजारो लोकांनी बागा उकरल्या. १९८२ साली ससा सापडला, सापडणाऱ्याचा गौरव झाला, आणि १९८८ साली वृत्तपत्राने उघडकीस आणले की त्या माणसाने कोडे सोडविलेच नव्हते. चित्रकाराच्या पूर्वीच्या मैत्रिणीच्या ओळखीतून त्याला जागेचा सुगावा लागला होता. पुन्हा तीच कालवड, तोच नांगर! दोन शिक्षकांनी खरोखर कोडे सोडविले होते, ठिकाणावर जाऊन खणलेही होते, पण उकरलेल्या मातीत ससा त्यांच्या नजरेतून निसटला. आम्हांला विचाराल तर ससा एकाला मिळाला आणि खजिना या दोघांना. व्यवहाराच्या जगात मात्र अशी वाटणी होत नाही, हे आम्ही जाणतो.

या दाखल्यांवरून कोड्याच्या सचोटीची एक कसोटी हाती लागते. लपविणाऱ्याने खूण दिली आहे काय, ती उत्तरापर्यंत नेण्यास पुरेशी आहे काय, आणि ती सर्वांना सारखी दिली आहे काय? अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सेंट पॉल नावाचे शहर आहे. तेथे १९५२ पासून हिवाळी उत्सवात हा खेळ चालतो. बर्फाने झाकलेल्या एखाद्या सार्वजनिक उद्यानात एक पदक लपवितात, आणि शहरातील वृत्तपत्र रोज एक यमकबद्ध खूण छापते. पहिल्या दिवशीची खूण धूसर, शेवटच्या दिवशीची जवळजवळ बोट दाखविणारी. श्रीमंताला एक आणि गरिबाला दुसरी असे नाही. अंक ज्याच्या हाती पडेल त्याला तीच ओळ. मध्यरात्री, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, लोक नव्या अंकासाठी रांगा लावीत असत. हे शहर ज्याच्या नावाचे, त्या संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तेराव्या अध्यायात, आपले सध्याचे पाहणे अस्पष्ट आहे असे म्हटले आहे. तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'कोड्यात' असाच होतो. गावाला नाव देणाऱ्यांच्या हे ध्यानात नसणार. पण आम्हांला हा योग आवडला.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. न्यू मेक्सिकोतील फॉरेस्ट फेन या वृद्ध व्यापाऱ्याने सोन्याने भरलेली पेटी रॉकी पर्वतात लपविली आणि २०१० साली एका पुस्तकात चोवीस ओळींची कविता छापली. तीत नऊ खुणा. पेटी २०२० साली वायोमिंगमध्ये सापडली. मधल्या दहा वर्षांत तिच्या शोधात निदान पाच माणसे प्राणांस मुकली. पोलीस अधिकाऱ्यांनी हा शोध थांबवा अशी विनंती केली होती. फेन म्हणत राहिला की, ऐंशीच्या घरातला म्हातारा जेथे जाऊ शकणार नाही तेथे जाऊ नका. खूण दिली होती, सर्वांना सारखी दिली होती. आमच्या कसोटीला तो उतरतो. तरी समाधान होत नाही. ज्याने लोभाला हाक दिली त्याने लोभ किती दूर धावेल याचाही हिशेब मनाशी करावयास नको काय? प्रत्येक शोधणारा स्वतःच्या पायांनी गेला हे खरे. पण लपविणाऱ्यावर शोधणाऱ्याच्या जिवाची काहीच जबाबदारी नाही असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. भाटघरच्या काठावर चिठ्ठी टपरीवर ठेवली, पाण्याजवळ नाही, त्याचे कारण एवढेच.

आता तिसरी खूण. ती वेल्ह्याची होती:

थोरल्याच्या पोटी मिळाले, धाकट्याला घर झाले;
दोघे अजून समोरासमोर, धन कुठले कुठे गेले.

थोरला तोरणा, धाकटा राजगड. परंपरा अशी की शिवाजी महाराजांनी तोरणा हाती घेतल्यावर तटाच्या दुरुस्तीचे काम चालू असता पुरलेले द्रव्य सापडले, आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारण्याच्या कामी आले. पुढे सुमारे पाव शतक तोच डोंगर स्वराज्याची राजधानी होता. ज्याने ते द्रव्य पुरले त्याने कोणासाठी खूण ठेवली नव्हती. ते सापडणाऱ्याच्या हाती लागले, आणि या कथेतील आम्हांला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की ते पुन्हा लपले नाही. त्याचा दगड झाला, तट झाला, पाण्याची टाकी झाली; वेल्ह्याच्या बाजारात उभे राहून कोणीही तो जमाखर्च आजही वाचू शकतो.

महाराष्ट्रात पुरलेल्या धनाची हाव मात्र अशा तटांत थांबत नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात बायका आणि लहान मुली यांचे जे खून पडले त्यांच्यामागे गुप्तधनाचा हव्यास होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी जन्मभर झगडा दिला आणि ज्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर तो अखेर झाला, त्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाने केलेल्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गुप्तधन दाखवितो म्हणणारा भगतही खूणच विकतो. 'पूर्वेला तोंड केलेला वड, त्याच्या मुळाशी हंडा, त्यावर नाग.' भाषा कोड्याची, यमकही कधीकधी साधलेले. फरक एवढाच की येथे खुणेच्या पलीकडे काही नाही. शमशोनाने वाट नसलेला खजिना लपविला होता. हा खजिना नसलेली वाट विकतो.

देशातील कायद्याने या बाबतीत काय ठरविले आहे ते पाहिले तर आमची कसोटी तेथेही डोकावते. निखात निधीचा कायदा १८७८ सालचा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे. जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर सूचना काढावी, म्हणजे ज्याचा दावा असेल तो पुढे येईल. कोणीच मालक ठरला नाही, तर साधारणपणे तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. रोमन कायदा निम्मेनिम्मे वाटणी करीत असे. वाटणीच्या प्रमाणाबद्दल आमचे काही म्हणणे नाही. जाहीर सूचना हा त्यातला गाभा आहे. कायदा सापडणाऱ्याला सांगतो: तुझ्या हाती खूण आली आहे, ती आधी चव्हाट्यावर ठेव.

येथे श्रद्धावंत वाचकाच्या मनात मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील दाखला आल्यावाचून राहणार नाही. शेतात लपविलेली ठेव एका मनुष्याला सापडते. तो ती पुन्हा लपवितो, आनंदाने घरी जाऊन आपले सर्वस्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. प्रवचनात आपण सर्वस्व विकण्याविषयी बोलतो आणि ते योग्यच आहे. प्रभूचा रोख तेथेच आहे. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गात एका दहा वर्षांच्या मुलाने आम्हांला विचारले, "फादर, त्याने शेतवाल्याला सांगितले का नाही?" दाखल्याचा मुद्दा तो नव्हे, असे म्हणून त्या मुलाला गप्प करणे सोपे होते. पण प्रश्न खरा आहे, आणि ख्रिस्तसभेतील मोठ्या बुद्धीच्या माणसांनी तो टाळलेला नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी या शेतवाल्याचा उल्लेख केला आहे, तोही चोरीचा विचार चालू असता! परक्याच्या जमिनीत सापडलेल्या धनाचा अर्धा भाग कायद्याने जमीनमालकाला द्यावा लागतो. संपूर्ण ठेवीवर हक्क मिळावा म्हणून त्याने शेतच घेतले, असा उलगडा ते करतात. उलगडा कायद्याच्या अंगाने निर्दोष आहे. त्या मुलाचे समाधान मात्र त्याने झाले नसते.

यहूदी परंपरेतील एक कथा त्याला अधिक आवडली, आणि आम्हांलाही. सिकंदर बादशहा एका दूरच्या राजाकडे गेला असता दोन माणसे न्याय मागण्यास आली. एकाने दुसऱ्याकडून जमीन घेतली होती आणि तीत खजिना निघाला. घेणारा म्हणत होता, मी जमीन घेतली, खजिना नाही, तो तुझा. विकणारा म्हणत होता, मी जमीन विकली ती आतल्या सगळ्यासकट, तो तुझा. राजाने विचारले, तुला मुलगा आहे? तुला मुलगी आहे? दोघांचे लग्न लावून द्या आणि खजिना त्यांना द्या. सिकंदर हसला. आमच्याकडे असते तर, तो म्हणाला, दोघांचीही मुंडकी उडविली असती आणि खजिना सरकारजमा केला असता.

आम्ही ही कथा हसण्यासाठी सांगत नाही. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात आज प्रत्येक शेतात ठेव पुरलेली आहे, आणि ती शोधायला कुदळ लागत नाही. पुण्याहून येणारी गाडी बांधावर थांबते. गाडीतून उतरणाऱ्याला ठाऊक असते की पुढे कोठून रस्ता जाणार, कोठे कशाचे आरक्षण पडणार, कोणत्या टेकडीवरून धरणाचे पाणी दिसते आणि त्या दिसण्याला शहरात काय भाव आहे. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला यंदाच्या भाताचा भाव ठाऊक असतो. तो गुंठ्याचा दर सांगतो, समोरचा लगेच 'हो' म्हणतो, आणि इसार होतो. कोणी खोटे बोललेले नसते. सातबारा तपासलेला असतो, खरेदीखत नोंदलेले असते. दाखल्यातील मनुष्याने केले तेच हे. फक्त स्वर्गाच्या राज्याचा यात काही संबंध नाही.

गप्प राहणे म्हणजे फसविणे काय, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात चर्चिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते ऱ्होड्सच्या लोकांना सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजिनीस म्हणतो, न बोलणे आणि लपविणे एक नव्हे. अँटिपेटर म्हणतो, माणसामाणसांत जो समाज आहे त्याचे हे मोडणे आहे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे: प्रत्येक मौन हे लपविणे नव्हे, पण दुसऱ्याला जे कळणे त्याच्या हिताचे आहे ते आपल्या लाभासाठी त्याला कळू नये अशी इच्छा धरणे हे लपविणेच. संत थॉमस येथे अधिक सौम्य आहेत. व्यापारी गप्प राहिला तर न्यायाचा भंग होतो असे ते म्हणत नाहीत; सांगितले तर ते अधिक सद्गुणाचे होईल, एवढेच म्हणतात. आम्ही संत थॉमस यांचे विद्यार्थी. तरी या एका मुद्द्यावर आम्ही त्या मूर्तिपूजक रोमन वकिलाच्या बाजूने उभे राहतो. व्यापाऱ्याची गोष्ट आजच्या भावाची होती, आणि ऱ्होड्सच्या माणसाचा तोटा फार तर पिशवीभर धान्याचा. शेत एकदाच विकले जाते.

संत ऑगस्टीन यांनी त्रैक्यावरील ग्रंथात एका माणसाची हकीकत सांगितली आहे. त्याच्याकडे कोणी एक हस्तलिखित विकायला आणले. विकणाऱ्याला त्याची योग्यता ठाऊक नव्हती आणि तो थोडकेच मागत होता. घेणाऱ्याने अपेक्षेपलीकडची रास्त किंमत त्याच्या हातावर ठेवली. ऑगस्टीन यांनी यावर प्रवचन झोडलेले नाही. आपण असा माणूस पाहिला आहे, एवढेच ते सांगतात.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. पापनिवेदनाला नव्हे, चहाला. आणि येथे लिहिण्याची त्यांची परवानगी आहे. गुंजवणीच्या खोऱ्यात त्यांनी एक तुकडा पसंत केला होता. वसईत वडिलोपार्जित वाडी असल्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला त्यांच्याजवळ होता. जवळून रस्ता जाणार असल्याचे त्यांना कचेरीतील एका परिचिताकडून कळले होते, मूळ मालकाला ते ठाऊक नसावे, आणि झोप लागत नव्हती. कायद्याने सांगणे भाग नाही, हे वकिलाने सांगितलेच होते. त्यांनी आम्हांला विचारले, "फादर, सांगायलाच पाहिजे का?" आम्ही त्यांना वर लिहिले आहे त्यातले फारसे काही सांगितले नाही. तुमच्या हाती जी चिठ्ठी आहे ती त्याच्याही हाती द्या आणि मग भाव ठरवा, एवढेच म्हटले. भाव वाढेल, ते म्हणाले. वाढेल, आम्ही म्हणालो.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ते थांबले. त्यांनी जाऊन सांगितले होते. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले, पानाला चुना लावला आणि म्हणाला, "रस्त्याचं आमाला दोन सालापास्नं ठावं हाय, सायेब. हिरीचं तुमास्नी ठावं हाय का? माघ सरला की तळ दिसतो तिचा."

व्यवहार नंतर पुरा झाला. भाव काय ठरला ते आम्ही विचारले नाही.